एकाच सिलिकॉनची चार भावंडं आणि अकोल्याचा मे महिना: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२४, शनिवार

काल रात्री परत तेच. क्लायंटच्या हॉलचा थ्रीडी सीन ग्राफिक कार्डाच्या ८ जीबीत मावला नाही, मग ब्लेंडरला (माझं थ्रीडी सॉफ्टवेअर) म्हणलं जा बाबा सीपीयूवर, आणि माझ्या म्हाताऱ्या रायझन ५ २६०० प्रोसेसरने एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे एक चित्र बनवायला, ५२ मिनिटं खाल्ली. नऊ अँगल द्यायचे होते. पहाटे चारला सहावा सुरू झाला तेव्हा ठरवलं की आता बस.

२६०० ला दोष देत नाही, २०१८ पासून निमूट राबतोय, ३.८ गिगाहर्ट्झवर फिक्स करून ठेवलाय. पण एएम५ वर, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर, जायचं म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच नवीन आणि तेवढं बजेट नाही. माझा बी४५० मदरबोर्ड रायझन ५००० मालिका घेतो, डीडीआर४ ची ३२ जीबी रॅम पडलेली आहे, म्हणजे फक्त प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर बदलायचा. यादीत चार नावं: ५६००, ५६००एक्स, ५७००एक्स, ५८००एक्स. ओव्हरक्लॉक, म्हणजे डब्यावरच्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, करणारच, तो किडा जुना आहे. आणि एअर कूलिंगच. पंप, नळ्या, आत फिरणारं पाणी हे मला झेपत नाही, पंखा बंद पडला तर दिसतो तरी, पंप मेला की आधी मशीन तापून बंद पडते मग कळतं.

योगायोग असा की नाशिकच्या मावसभावालाही मशीन बांधायची आहे. आणि पुण्याचा मित्र, तो एएम५ वर चाललाय, त्याचा ५८००एक्स विकायचा म्हणतोय. म्हणजे दोन चिप हातात येऊ शकतात, दोन्ही तपासायच्या, एक मी ठेवणार एक नाशिकला. म्हणून या नोंदी, नाहीतर उद्या मावसभाऊ म्हणेल दादाने चांगली ठेवली आणि मला उरलेली दिली.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून, श्रीखंड हाणून दुपारी वाचत बसलो. जेवढं वाचलं तेवढं लक्षात आलं की ही चार वेगळी प्रोसेसर नाहीतच. चारही झेन ३ (एएमडीची एकच रचना), चौघांच्या पोटात तीच ७ नॅनोमीटरची आठ कोअरची चिपलेट, म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, आणि शेजारी १२ नॅनोमीटरची आयओ डाय, रॅम आणि बोर्डाशी बोलणारी. ५६०० आणि ५६००एक्स मध्ये आठातले दोन कोअर बंद करून टाकलेले. कॅश चौघांनाही ३२ एमबी. ५६००एक्स आणि ५८००एक्स नोव्हेंबर २०२० चे, ५६०० आणि ५७००एक्स एप्रिल २०२२ चे. एका आईची लेकरं, फक्त कुणाला पॉकेटमनी जास्त कुणाला कमी.

पॉकेटमनी म्हणजे पॉवर लिमिट. ५६००एक्स आणि ५७००एक्स ला पीपीटी (एकूण पॉवर) ७६ वॅट, टीडीसी (सलग चालणारा करंट) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणभराचा करंट) ९० अँपिअर. ५८००एक्स ला १४२ वॅट, ९५ आणि १४०. हे आकडे बायोसमधून बदलता येतात, पीबीओ, म्हणजे हे लिमिट सैल करायची एएमडीचीच सोय, चालू केला की झालं. म्हणजे ७६ वॅटचा ५७००एक्स पाच मिनिटांत १४२ वॅटचा करता येतो. मग दोघांत उरलं काय?

उरलं ते बूस्टचं, म्हणजे चिप स्वतःहून चढते त्या क्लॉकचं, वरचं छत. डब्यावर ५६०० ला ४.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय, ५६००एक्स आणि ५७००एक्स ला ४.६, ५८००एक्स ला ४.७. प्रत्यक्षात थोडं वर जातात, ५७००एक्स ४.६५ पर्यंत, ५८००एक्स ४.८५ पर्यंत. पीबीओत या छतावर अजून २०० मेगाहर्ट्झ चढवता येतात, त्याच्या पुढे नाही. म्हणजे ५६०० कितीही घासला तरी ४.६५ ला डोकं आपटणार, ५७००एक्स ४.८५ ला, आणि ५८००एक्स कागदावर ५.०५. कागदावर म्हणतोय मी.

५६०० आणि ५६००एक्स मधला फरक हाच, २०० मेगाहर्ट्झ. निघाले तेव्हा अमेरिकेत ५६००एक्स २९९ डॉलर होता, ५६०० दीड वर्षाने आला तो १९९ ला. एक्स लागला की जावयासारखा मान, जेवायला मात्र दोघं तेच. फक्त गेम खेळायचे असते तर डोळे मिटून ५६०० घेतला असता. पण मला कोअर पाहिजेत, रेंडरला सहा आणि आठमधला फरक कुठल्याच ओव्हरक्लॉकने भरून निघत नाही. त्यामुळे दोन्ही सहा कोअरवाले आजच यादीतून बाद.

५७००एक्स३डी बद्दलही मित्राने विचारलं. त्याच्यावर ९६ एमबी कॅश, गेमला एक नंबर, पण मल्टिप्लायर लॉक, म्हणजे क्लॉक हाताने वाढवता येत नाही, आणि बूस्ट ४.१ च. रेंडरला तो साध्या ५७००एक्स च्याही मागे. पुढे चला.

१४ एप्रिल, रविवार

आज गर्मीचा हिशोब. यूट्यूबवरची टेस्ट बघून लोक चिप घेतात आणि मग अकोल्यात येऊन रडतात, कारण ती टेस्ट होते २१-२२ डिग्रीच्या एसी खोलीत. एअर कूलर कितीही भारी असला तरी तो खोलीच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाही, तो फक्त वरचा फरक ठरवतो. खोली २२ आणि चिप ७८ असेल तर फरक ५६ चा. तीच मशीन माझ्या ३६ च्या खोलीत ९२ मागणार. आणि ५८००एक्स ९० ला स्वतःच क्लॉक खाली घेतो. म्हणजे पुण्याच्या एसी ऑफिसात जे ओव्हरक्लॉक आहे ते इथे मे महिन्यात नुसतं हीटर आहे.

दुसरी गोष्ट डायच्या आकाराची, आणि ही मला सगळ्यात मजेशीर वाटली. ती आठ कोअरची चिपलेट जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरची, अंगठ्याच्या नखापेक्षा लहान. १२० वॅट चालू असतील तर आयओ डायचे पंधराएक सोडून १०५ वॅट त्या नखातून बाहेर पडतात, म्हणजे चौरस मिलिमीटरला १.३ वॅट. घरची इस्त्री हजार वॅटची, पण तिचा तळ असतो साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तिथे चौरस मिलिमीटरला ०.०५ वॅट. इस्त्रीच्या पंचवीसपट! म्हणूनच १६ कोअरचा ५९५०एक्स त्याच १४२ वॅटवर ५८००एक्स पेक्षा थंड राहतो, त्याची तेवढीच उष्णता दोन चिपलेटमध्ये वाटली जाते. आणि म्हणूनच दुप्पट मोठा टॉवर (उभा एअर कूलर) बसवला तरी तापमान निम्मं होत नाही, अडचण पंख्याला हवा कमी पडण्याची नाही, नखाएवढ्या जागेतून उष्णता बाहेर काढण्याची आहे. त्यामुळे ट्विन टॉवरच्या नादी न लागता चार हीटपाइपवाला सिंगल टॉवर घ्यायचा ठरवला, डीपकूलचा एके४००, १५५ मिलिमीटर उंच, कॅबिनेटचं झाकण लागतं.

हे सगळं फोनवर मित्राला सांगत होतो, "कूलर तर बदलावाच लागेल", तर आई स्वयंपाकघरातून, "काहून रे, कॉम्प्युटरले कायचा कूलर लागते? घरच्या कूलरच्या ताट्या तं अजून बदलल्या नाही तू."

बदलल्या संध्याकाळी. पंप पण साफ केला. आणि खरं सांगू का, या अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं ओव्हरक्लॉक तेच निघालं. कूलर बंद असताना माझ्या खोलीत ३९, चालू केल्यावर तासाभरात ३१. आठ डिग्री! कुठला टॉवर आठ डिग्री देतो दाखवा. मित्र म्हणाला दमट हवा मशीनला चालते का. चालते. पाणी धरतं ते हवेपेक्षा थंड वस्तूवर, आणि मशीनच्या आतलं सगळं हवेपेक्षा गरमच असतं. फक्त कूलरच्या थेट झोतात ठेवायची नाही, आमच्याकडचं पाणी खारं, तुषार उडाले तर पांढरा थर बसतो. टेबल खिडकीच्या आडोशाला सरकवलं.

२१ एप्रिल

५७००एक्स आणि कूलर दोन्ही आले. दुकानदार म्हणत होता ५८००एक्स च घ्या साहेब, तो ओरिजिनल ओव्हरक्लॉकवाला, हा कमी वॅटवाला. बरं म्हणलं. ५७००एक्स च्या डब्यात कूलर येत नाही हेही त्याला माहीत नव्हतं, डबा हलवून बघत होता.

आज फक्त बायोस. हे जुन्या चिपवर असतानाच करून घ्यायचं, नवी चिप बसवल्यावर स्क्रीन काळी राहिली की मग बोंबला. बोर्डावर २०१९ ची बायोस होती, ५७००एक्स साठी एप्रिल २०२२ च्या आसपासची किंवा नंतरची लागते. अपडेट होत असताना लाईट गेली तर काय या विचाराने इन्व्हर्टर लावून, पंखा बंद करून, घामाघूम बसलो. सात मिनिटं. सुरू झाली.

२७ एप्रिल, शनिवार

काल मतदान होतं, मित्राचं नाव अजून इथल्याच यादीत म्हणून तो पुण्याहून आला, बोटाला शाई आणि खिशात ५८००एक्स. खिशात म्हणजे अक्षरशः, पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्यात. आज सकाळी उद्घाटन.

आणि पहिल्याच घासाला खडा. जुना कूलर काढायला चार स्क्रू सोडवले, कूलर हलेना, प्रोसेसर आणि कूलरमधली सहा वर्षांची थर्मल पेस्ट सुकून सिमेंट झालेली. मी सरळ वर ओढला. टक्क असा आवाज आला आणि कूलरच्या तळाला चिकटून २६०० सॉकेटमधून उपटून हातात! लिव्हर लावलेलाच होता खाली. एएम४ ला, म्हणजे माझ्या बोर्डाच्या सॉकेटला, पिना प्रोसेसरला असतात, १३३१, सोन्याचा मुलामा दिलेल्या, केसांपेक्षा जरा जाड. मित्र म्हणाला, "अबे, दात उपटल्यासारखा काढला ना तू." कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या झालेल्या.

दीड तास गेला. खिडकीत उजेडात बसून आधी जुन्या एटीएम कार्डाची कड दोन रांगांमधून सरकवली, कुठे अडते ते बघायला. मग क्लच पेन्सिलमधलं शिसं काढून तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर टोपीसारखं चढवायचं आणि श्वास रोखून थोडंसं उभं करायचं. एकदम सरळ नाही करायची, दोन-तीन वेळा थोडी थोडी, नाहीतर तुटते. चौथी पिन मुळातून वाकलेली, ती सरळ झाल्यावरही जरा बाकदार दिसत होती पण सॉकेटमध्ये स्वतःच्या वजनाने बसली. दाबून बसवायचं नसतंच. सुरू करून बघितला, चालला. देव आहे.

चूक माझीच, ऐकून माहीत होतं तरी घाई केली. काढायच्या आधी दहा मिनिटं मशीन तापवायची म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून कूलर वर न ओढता बरणीचं झाकण फिरवतो तसा डावी-उजवीकडे पिळायचा, सुटला की तिरका उचलायचा. यापुढे प्रत्येक वेळी तसंच.

२८ एप्रिल, रात्र

मोजणीचे नियम: रात्री नऊनंतर, घरचा कूलर चालू, खोली ३४ (आज तेवढीच खाली आली), कॅबिनेटचं झाकण बंद, पंख्याचा वेग कायम ठेवलेला, सिनेबेंच आर२३ (रेंडर करून प्रोसेसरला गुण देणारी टेस्ट) सलग दहा मिनिटं, तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर). पेस्ट एकच, दोघांना तेवढीच.

आधी २६००, फिक्स ३.८ वर, निरोपाचा म्हणून: ७,३००. मग ५७००एक्स, काहीही न बदलता: १३,७००, तापमान ६६, वॅट ७६ ला खिळलेले. पंख्याचा आवाज नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. जवळजवळ दुप्पट, त्याच बोर्डावर, तेवढ्याच शांततेत. तीच ५२ मिनिटांवाली हॉलची फ्रेम टाकली, २८ मिनिटं.

मग ५८००एक्स, तोही जसाच्या तसा: १४,९००. पण तापमान तिसऱ्या मिनिटाला ९० आणि तिथेच चिकटलं. १४२ वॅट परवानगी असून १२० च्या वर गेलाच नाही, कारण तापमानाने गळा धरलेला. म्हणजे बघा, ४४ वॅट जास्त जाळले आणि मिळाले ९ टक्क्यांच्या आत. पंखा असा घोंघावत होता की आईने दार उघडून बघितलं.

१ मे

सुट्टी. मित्र पुण्याला गेला, चिप ठेवून गेला, पैसे नंतर दे म्हणाला.

आज ५७००एक्स ला ५८००एक्स चे लिमिट दिले, १४२, ९५, १४०. व्होल्टेजच्या कर्व्हला अजून हात नाही. निकाल: १४,७००, तापमान ८९. म्हणजे ५८००एक्स झाला. जवळपास तोच स्कोअर, तोच ताप, तोच घोंघाट. दोनशे गुणांचा फरक आहे तो ५७००एक्स च्या कोअरला थोडं जास्त व्होल्टेज लागतं म्हणून असावा, एवढ्यासाठी कुणी जास्त पैसे द्यावेत असं मला नाही वाटत.

जुन्या सवयीने ५८००एक्स वर फिक्स क्लॉकही करून बघितलं, सगळे कोअर ४.६, १.२५ व्होल्ट. रेंडर ठीक, पण मग एका कोअरचं काम असेल तेव्हाचा ४.८५ चा बूस्ट गेला, ब्लेंडरच्या व्ह्यूपोर्टमध्ये (काम करायच्या खिडकीत) मॉडिफायर हलवताना फरक जाणवतो. २६०० च्या काळात फिक्स करण्यात मजा होती कारण बूस्टच कमी होता. आता ती पद्धत म्हणजे घोड्याला दावणीला बांधून पळवणं. दुपारपर्यंत परत काढून टाकलं.

बोर्डाच्या व्हीआरएमबद्दल, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाबद्दल, एक ओळ: १४२ वॅटवर त्याचा हीटसिंक हाताला चटका देत होता. जुन्या सप्लायमधून काढलेला ८० मिलिमीटरचा पंखा झिप टायने लटकवलाय. दिसायला भंगार, काम चोख.

५ मे, रविवार

तीन रात्री झोप नाही पण आता खरी गंमत सुरू झालीय. कर्व्ह ऑप्टिमायझर. साध्या भाषेत, प्रत्येक कोअरला कुठल्या क्लॉकला किती व्होल्टेज द्यायचं याचा तक्ता चिपमध्ये असतो, तो तक्ता आपण कोअरनिहाय खाली सरकवायचा, उणे ३० पर्यंत. एक पायरी म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी म्हणजे गर्मी कमी, गर्मी कमी म्हणजे चिप स्वतःच क्लॉक वाढवते. अंडरव्होल्ट करून ओव्हरक्लॉक होतो हे मावसभावाला समजावताना माझीच दमछाक झाली, शेवटी म्हणलं अरे ओझं कमी केलं की बैल जोरात चालतो.

सगळे कोअर उणे ३० करून टाकले की सिनेबेंच मस्त पास होतं आणि माणूस खूश होतो. फसवणूक आहे ती. पूर्ण लोडवर क्लॉक खाली असतो, तिथे व्होल्टेज पुरतं. मशीन मरते ती रिकामी बसलेली असताना, ब्राउझर उघडताना, जेव्हा एकच कोअर टुणकन वरच्या क्लॉकला उडी मारतो. माझी मेली, परवा रात्री, मी पाणी प्यायला गेलो तेव्हा. परत येतो तर लॉगिन स्क्रीन. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), इव्हेंट १८, एपिक आयडी ४. आयडीला दोनाने भागलं की कोअर मिळतो, कारण एका कोअरचे दोन थ्रेड. म्हणजे कोअर २.

कोअर २ हा माझ्या चिपचा लाडका कोअर निघाला, बूस्टसाठी विंडोज पहिला त्यालाच उठवते. आणि चांगल्या कोअरला उणे कमी झेपतं, हे उलटं वाटतं पण बरोबर आहे, त्याचा तक्ता कारखान्यातूनच काटकसरीचा असतो, त्याच्या पोटाला अजून चिमटा काढला की तो चक्कर येऊन पडतो. आळशी कोअरला आधीच जास्त व्होल्टेज वाढून ठेवलेलं असतं, त्यांचं निवांत कापता येतं.

मग कोअरसायकलर लावला, तो एकेका कोअरवर आळीपाळीने प्राइम९५ ही जड गणिताची टेस्ट चालवतो. एक कोअर पडला की तीन पायऱ्या वर, परत. शेवटी ५७००एक्स असा बसला: कोअर २ उणे १४ वर, मग धीर करून उणे १७, कोअर ५ उणे २०, बाकी सहा उणे २८ ते ३०. बूस्ट अधिक २००. आणि पीपीटी १४२ वरून १०८ ला आणला. इथे माझं मत पक्कं झालंय, एअर कूलरवर लिमिट वाढवण्यापेक्षा योग्य जागी अडवणं जास्त महत्त्वाचं, १०८ च्या वरचा प्रत्येक वॅट माझ्या खोलीत नुसता पंख्याच्या आवाजात जातो. स्कोअर १५,१००, तापमान ७९. हॉलची फ्रेम २५ मिनिटं.

११ मे

पूर्ण आठवडा तोच खेळ ५८००एक्स सोबत. त्याचे कोअर जास्त नखरेल, मित्राच्या चिपमध्ये दोन कोअर उणे ८ च्या खाली जाईनात, उरलेले उणे २० ते २५. ११० वॅटला अडवला: १५,२५०, तापमान ८३. अधिक २०० चढवून ५.०५ गाठतो का बघितलं. एचडब्ल्यूइन्फोच्या कमाल रकान्यात एकदा ५.०२ चमकला, अर्धा सेकंद, तेही पहाटे पाचला खिडक्या उघड्या असताना. दिवसा ४.९ च्या पुढे नाही. म्हणजे ज्या छतासाठी त्याचे पैसे मोजायचे त्या छताला हात लावायलाच माझ्या खोलीची गर्मी देत नाही.

एकेका चिपचा नमुना आहे हे मान्य, दुसऱ्याचा ५८००एक्स उणे ३० पण घेईल, लॉटरी असते. पण १ टक्का पुढे आणि ४ डिग्री गरम, हे बघून निर्णय अवघड राहिला नाही. फ्रेमचा फरक वीस सेकंद.

मावसभावाला फोन केला.

"दादा, म्हणजे गरम होणारा मला?"

"तुझी खोली किती?"

त्याने घड्याळातलं तापमान बघून सांगितलं, रात्री पंख्याखाली २८. आणि तो गेम खेळतो, ट्विनमोशन (थ्रीडी सॉफ्टवेअर) चालवतो, त्याला एका कोअरचा वेग पाहिजे. ५८००एक्स तिकडे चार-पाच डिग्री खाली, आणि वर ४.९५ नाही तर नाही, ४.९ तरी सहज देईल. माझ्याकडे जो त्रासदायक तो त्याच्याकडे बरोबर बसतो. पण त्याला पटेपर्यंत पाऊण तास गेला, माझ्या सगळ्या नोंदींचे फोटो पाठवायला लावले त्याने. बरं झालं लिहून ठेवलं.

२६ मे

लिहायला हातच लागत नाहीये. पारा ४५ च्या वर, जिल्ह्यात उन्हामुळे ३१ तारखेपर्यंत १४४ लावलीय, रस्त्यावर कुत्रं नाही. काल दुपारी तीन तास लाईट नव्हती, खोलीत ४१.

लाईट आल्यावर मुद्दाम घरचा कूलर न लावता टेस्ट घेतली: ५७००एक्स, तीच सेटिंग, ८६ डिग्री, स्कोअर १४,९००. पडला नाही, ९० ला गेला नाही. हीच ती कसोटी होती, वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. ५८००एक्स ची सेटिंग तशीच ठेवली असती तर सरळ हिशोबाने ९० आलेच असते. मग कूलर लावला, टाकीत दोन बादल्या ओतल्या, आणि मी पण समोर जाऊन बसलो.

२ जून

नाशिकहून स्क्रीनशॉट. ५८००एक्स, माझ्यासारखाच कूलर, खोली २८, ११५ वॅट, तापमान ७८, स्कोअर १५,४५०, एका कोअरचा बूस्ट ४.९५. खाली लिहिलंय, "दादा तुझ्यापेक्षा जास्त आला 😄". येऊ दे. मित्राचे पैसे मिटवले. २६०० वाकड्या पिनेसकट शेजारच्या पोराच्या मशीनमध्ये गेला, त्याला आधी पिन दाखवली, मग पैसे घेतले.

१६ जून, रविवार

काल संध्याकाळी दणकून पाऊस. महिनाभराने खोली २७ वर आली, दार उघडं, मातीचा वास, मी खुशीत रेंडर लावायच्या आधी मेल उघडला आणि मशीन रीस्टार्ट.

वाटलं लाईटचा झटका. पंधरा मिनिटांनी परत. इव्हेंट १८, एपिक आयडी ४. कोअर २!

मे महिन्यात ४१ च्या खोलीत जो पडला नाही तो २७ ला पडतोय. डोकं खाजवत बसलो, मग लॉग शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कळलं. उन्हाळ्यात कोअर २ बूस्टला ४.७७ ते ४.८ च्या वर जातच नव्हता, गर्मी त्याला आपोआप अडवत होती. आता हवा थंड झाली, तो पहिल्यांदाच पूर्ण ४.८५ ला पोचतोय आणि तिथे उणे १७ त्याला पुरत नाही. म्हणजे मी जे तीन रात्री जागून पक्कं केलं होतं ते फक्त अकोल्याच्या उन्हाळ्यापुरतं पक्कं होतं. डिसेंबरात इथे रात्री १२ पर्यंत जातं, तेव्हा अजून एक फेरी करावी लागणार, कोअर ५ चाही भरवसा नाही.

नाशिकला फोन करून सांगितलं, थंडीत रीस्टार्ट झाला तर मला शिव्या देऊ नको, ते नखरेल दोन कोअर उणे ८ वरून उणे ५ ला आण.

माझा कोअर २ परत उणे १४. कोअरसायकलर रात्रभर लावून ठेवलाय. वरून गच्चीचं पाणी टपटपतंय, टेबलापासून दोन हातांवर, तिथे घरच्या कूलरची बादली ठेवलीय.